तिसरं रीळ

पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री
सदरच्या मिशन कंपाउंडात
दोन कडुनिंबांच्या मध्ये आई चादर ताणून बांधायची.
दवाखान्याची चादर. कोपऱ्यात निळा शिक्का:
वार्ड नं. ३, स्त्रिया.
त्यामुळे आमच्या यरुशलेमच्या आभाळात
दरवर्षी उजवीकडे, वर,
वार्ड नं. ३ उगवलेला असायचा
आणि मला वाटायचं, तोच तो तारा.

एप्रिल. रात्री दहालाही जमीन भाकरीच्या तव्यासारखी.
सतरंजीवर पाणी शिंपडून आम्ही बसायचो,
ओल्या सुताचा वास, उदबत्त्या डासांसाठी.

शांतवन पारधे अजनीच्या शेडमध्ये फिटर.
प्रोजेक्टर त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे.
चित्रपटाचा आवाज कधीचाच गेलेला,
ओठ तेवढे हलायचे.
म्हणून काकाच बोलायचे, सगळ्यांचं, एकटे:
पिलात, विहिरीवरची बाई, गाढवसुद्धा.
त्यांचा पेत्र शेकोटीपाशी हात शेकत म्हणायचा,
"मी नाई वयखत त्या मानसाले."
आणि कोंबडा आरवायचा. तो मात्र खरा,
बर्नाबस मास्तरांच्या खुराड्यातला,
मशीनच्या उजेडाला सकाळ समजून.

वादळात होडी हेलकावे खायची
तेव्हा येशू उठून, डोळे चोळत विचारायचा,
"काहून भेता रे बाप्पा?"
अजून तो मला याच आवाजात ऐकू येतो,
वेदीवरून वाचतात त्या शुद्ध मराठीत
एकदाही नाही.

तिसरं रीळ नव्हतं आमच्याकडे.
कुणी म्हणे, कामठीला गेलं ते आलंच नाही.
कुणी म्हणे, एका उन्हाळ्यात वितळलं.
दुसरं रीळ संपायचं धोंडेपाशी:
कबरीच्या तोंडाशी लोटलेली, पुठ्ठ्याची,
शिपायाचा भाला लागून जरा हललेली.
मग फटफट, फटफट रिळाची शेपटी,
आणि चादर कोरी पांढरी.

दिवा काका बंद करत नसत.
गाढवाचंही बोलणारा माणूस
आता गप्प.
आम्ही पाहत बसायचो.
पांढऱ्यावर किडे, एक पाल,
कडुनिंबाचा मोहोर गळताना त्याच्या बारीक सावल्या.
वारा आला की चादर फुगायची,
आत कुणी कूस बदलल्यासारखी.
एखादं पोर विचारायचंच, पुढं काय?
"पुढचं पहाटे पाचले. आंघोळ करून या."

आणि आम्ही जायचो. जरीपटक्याच्या दफनभूमीत
मेणबत्त्या, मोगरा, झोपाळू कोरस,
आणि गर्दीत मागे, ग्रीस न निघालेल्या हातांचे काका.

सोमवारी चादर धुऊन पलंगावर.
तिच्यावर कोण निजलं, बरं झालं की नाही,
आईने कधी सांगितलं नाही.

मधली चौदा वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही.
कारण सांगण्यासारखं नाही, आणि मोठंही नाही.
पण त्या शनिवारी, कुठेही असले तरी,
दहाच्या सुमाराला मान आपसूक वर जायची,
उजवीकडे.

यंदा रूबेनने शोधून काढला तो चित्रपट.
"मावशी, पूर्ण आहे. आवाजासकट."
टीव्हीवर लावून दिला, कुलर माझ्याकडे वळवला.
येशूचा आवाज घुमारदार, परका.
गाढव काहीच बोललं नाही.
आणि मग तिसरं रीळ, आयुष्यात पहिल्यांदा:
विजा, कर्णे, धोंड आपोआप सरकते,
टिकल्यांच्या झग्यातला देवदूत,
त्याच्या पंखाची एक पट्टी सुटलेली.
वाईट नव्हतं. शेवटपर्यंत पाहिलं.
बायका धावत गेल्या तेव्हा घशाशी आलंही काहीतरी.

पण मी वाट पाहत होते
धोंडेनंतरच्या त्या पांढऱ्याची,
आणि तिथे त्यांनी कर्णे भरले होते.

"कसा वाटला?" रूबेनने विचारलं.
म्हटलं, छान. झोप आता.
मग घड्याळाला चारचा गजर लावला
आणि बादली भरून ठेवली.
आमच्याकडे पहाटे नळ येत नाही.